आलू, गुलछडी आणि भुईकोहळा: एका गाठाळ नावाची पार्श्वभूमी

आपण विदर्भात ज्याला आलू म्हणतो तो बटाटा, लग्नाच्या हारातली गुलछडी आणि मेळघाटच्या रानातला भुईकोहळा. तिघांची कुळं वेगळी, पण शास्त्रीय नावातला दुसरा शब्द तिघांना एकच मिळाला: ट्युबरोसम किंवा ट्युबरोसा. लॅटिनमध्ये 'ट्युबर' म्हणजे गाठ, टेंगूळ. पहिल्या शब्दाच्या लिंगाप्रमाणे या विशेषणाचा शेवट बदलतो, एवढंच.

आलूला हे नाव 1596 मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कास्पर बाउहिनने दिलं; 1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तेच कायम केलं. त्याच वर्षी त्याने गुलछडीलाही ट्युबरोसा म्हटलं. इंग्रजीतलं 'ट्युबरोज' त्यावरूनच आलं, गुलाबाचा त्यात काही संबंध नाही. आता गुलछडी घायपाताच्या अगावे प्रजातीत गेली आहे. तिथे ट्युबरोसा हे नाव आधीच दुसऱ्या झाडाला दिलेलं होतं, म्हणून हिचं झालं अगावे अमिका. जमिनीतली गाठ राहिली, नावातली गेली.

रस्त्याकडेला जांभळी फुलं येणारी रुएलिया ट्युबरोसा मूळची अमेरिकेतली. तिची वाळकी शेंग ओल्या तळहातावर ठेवा: क्षणभर काही होत नाही, मग तट्कन फुटते आणि चपट्या बिया उडतात. नाव मात्र पडलं ते तिच्या जाड, फुगीर मुळांवरून.

छोटी गाठ म्हणजे ट्युबर्क्युलम. न्यूझीलंडच्या दोन वेगळ्या कुळांतल्या वटवाघळांच्या नावात हा शब्द आहे, आणि आपल्या घराघरात माहीत असलेल्या टीबीच्या, म्हणजे ट्युबर्क्युलोसिसच्याही. त्या आजाराचा जंतू रॉबर्ट कॉखने 1882 मध्ये शोधला.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो भुईकोहळा, प्युरारिया ट्युबरोसा. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने दिलेलं हेडिसारम ट्युबरोसम हे नाव 1802 मध्ये छापून आलं. 1825 मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोलने वेल प्युरारियात हलवली, पण 'गाठाळ' तसंच ठेवलं. घोडवेल, विदारीकंद ही तिचीच नावं. घोळ असा की भुईकोहळा म्हणून आणखी एक वेल ओळखली जाते, आयपोमिया मॉरिशियाना. रानात फरक सोपा आहे: घोडवेलीला पळसासारखी तीन पानं, दुसरीचं पान पंजासारखं आणि तोडलं की चीक गळतो. दुकानात मात्र दोन्हींच्या वाळलेल्या चकत्याच येतात, आणि त्यांना पान नसतं.