‘नेक्स्ट’च्या आधी आणि नंतर

पडद्यावर अनोळखी माणसाशी गप्पा मारायचा नाद इंटरनेटने लावला, असं आपण धरून चालतो. पण १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात बेल कंपनीने ‘पिक्चरफोन’ मांडला, तेव्हाच प्रेक्षक कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये बसलेल्या परक्या माणसांशी समोरासमोर बोलत होते. त्याच वर्षी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागोत पैसे भरून बोलायची केंद्रं उघडली. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन, तीन मिनिटांचे १६ डॉलर! धंदा बसला, यात नवल नाही.

या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा प्रसंग १९८० च्या नोव्हेंबरमधला. किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या कलाकार जोडीने न्यूयॉर्कचं लिंकन सेंटर आणि लॉस एंजेलिसमधलं एक मोठं दुकान उपग्रहाने जोडलं. दोन्हीकडे रस्त्यालगत पडदे, त्यांवर पलीकडची माणसं हुबेहूब माणसाच्या उंचीची. जाहिरात नाही, पाटी नाही, कुणाचं नाव नाही. पहिल्या संध्याकाळी येणारेजाणारे थबकले आणि हे काय आहे, तुम्ही कुठे आहात, असं पलीकडच्यांनाच विचारू लागले. दुसऱ्या दिवशी बातमी तोंडोतोंडी पसरली. तिसऱ्या आणि शेवटच्या दिवशी तर दूर राहणारे नातलग वेळ ठरवून एकमेकांना बघायला आले. स्वतःची छबी दिसेल असा पडदा मात्र या जोडीने मुद्दाम ठेवला नव्हता. आज कोपऱ्यातल्या चौकटीत आपलेच केस बघत आपण बोलतो, तेव्हा हे फार आठवतं.

घरच्या संगणकावर हा प्रकार आला तो १९९२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेल्या ‘सीयू-सीमी’मुळे. चित्र कृष्णधवल, धक्के खात सरकणारं. सुरुवातीला तर आवाजही नव्हता. तरी सार्वजनिक सर्व्हरवर कुणीही कुणाच्या चौकटीत डोकवायचं. पुढे वेबकॅम स्वस्त झाले, जोडण्या वेगवान झाल्या आणि २००९ उजाडलं.

त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या लीफ के-ब्रुक्स या १८ वर्षांच्या मुलाने ‘ओमेगल’ सुरू केलं. आधी नुसतं टंकून बोलायचं, व्हिडिओ पुढच्या वर्षी आला. २००९ च्याच नोव्हेंबरमध्ये मॉस्कोच्या आंद्रेई टेर्नोव्स्की या १७ वर्षांच्या शाळकरी मुलाने ‘चॅटरूलेट’ आणलं. इथे कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचं ठरलं ते ‘नेक्स्ट’ हे बटण. समोरचा नको असेल तर एका क्लिकमध्ये दुसरा. लिंकन सेंटरपाशी निघून जायचं तर पाय उचलावे लागत आणि बघणारी गर्दी आजूबाजूला असे. इथे पाठ फिरवायलाही काही लागेना, ओंगळपणा करायलाही. नग्न पुरुषांमुळे चॅटरूलेट काही महिन्यांतच बदनाम झालं. माझ्या मते गप्पा मेल्या त्या मात्र या किळसवाण्या प्रकारांच्याही आधी, त्या बटणापाशीच. दोन सेकंदांत पारख होणार हे ठाऊक असल्यावर माणूस बोलत नाही, स्वतःला दाखवतो.

याच्या उलट टोकाचा पुरावा अभ्यासकांनी २०२० मध्ये गोळा केला. मानधन देऊन अनोळखी लोकांच्या जोड्या लावल्या आणि किमान २५ मिनिटं व्हिडिओवर बोला, एवढंच सांगितलं. विषय दिला नाही. अशी १,६५६ संभाषणं, एकूण ८५० तासांहून अधिक, ‘कँडर’ या नावाने २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. बोलून उठलेल्यांची मनःस्थिती आधीपेक्षा बरी होती. ज्यांच्याशी बोलायला छान वाटलं म्हणून सांगितलं गेलं, त्यांच्या आवाजात चढउतार होते आणि ते ऐकताना मानेने हो-नाही करत. फोनवर ‘हं, हं’ करतो ना, तसंच. पडद्यावर ते दिसतं.

बोलण्याची लय नाजूक असते. दहा भाषांच्या २००९ मधल्या एका अभ्यासात, एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं आढळलं. जोडणी अडखळली की तेवढा उशीरही तुटकपणा वाटतो आणि जिथे ‘नेक्स्ट’ हाताशी असतं तिथे त्याची शिक्षा लगेच मिळते. कँडरमधल्या लोकांना ती पळवाट नव्हती. पहिली अवघड मिनिटं त्यांना काढावीच लागली.

ओमेगल बंद झालं तेही २०२३ मध्येच, ८ नोव्हेंबरला. लहानपणी त्यावर एका अत्याचाऱ्याशी जोडल्या गेलेल्या महिलेने खटला भरला होता. तो तडजोडीने मिटला आणि के-ब्रुक्सने संकेतस्थळाला टाळं लावलं.