मुंजाशी गट्टी, सेकंदाला १२ चित्रं

धुळ्यात पांझरेकाठी रात्रीची वेळ. रस्त्यावरच्या दिव्याखाली एक शाळकरी मुलगी आणि पिंपळावरून उतरलेला मुंजा. कागदी आकृत्या थोड्या थोड्या सरकवत फोनने एकेक फोटो काढून बनवलेल्या अशा कार्टूनमध्ये दोघांची गट्टी संवादांनी जमत नाही. कोण कधी हललं आणि कोण किती थांबलं, यावर ती ठरते.

१९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मॅरिअन सिमेल यांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरताना दाखवणारी छोटी फिल्म ३४ जणांना दाखवली. एकानेच ती निव्वळ आकृत्यांच्या भाषेत सांगितली. बाकीच्यांना त्यात जिवंत पात्रं दिसली, तीही चेहरे नसताना! त्यामुळे मुंजाचे दात रंगवण्यात वेळ घालवू नये.

मुलगी कार्डशीटची कापा, मुंजा बटर पेपरचा. दोन्ही ८-१० सेंमी. फोन वरून खाली रोखून पक्का बसवा. सेकंदाला १२ फोटो धरले तर १० सेकंदांना १२० लागतात. मुलगी दर फोटोला ४ मिमी सरकवा आणि एका झटक्यात थांबवा. मुंजाला मात्र ६, ४, २, १ मिमी असं विरत थांबवा, म्हणजे त्याला वजन नाही असं वाटतं.

खरी गंमत स्पर्शाच्या क्षणी आहे. मिशोत या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं, की एक वस्तू दुसरीला टेकल्यावर दुसरी लगेच हलली तर पहिलीने ढकललं असं दिसतं, सुमारे ०.२ सेकंदापेक्षा जास्त उशीर झाला तर ती आपणहून हलली असं वाटतं. आपला एक फोटो ०.०८ सेकंदाचा. म्हणून मुलीचा हात लागल्यावर मुंजा ३ फोटो जागीच ठेवा, मगच हलवा. ही थांब विसरलात की मुलीने भुताला धक्का दिला, एवढंच दिसतं. पुढे मुंजा सतत सारखं अंतर राखून पळाला तर तो पाठलाग होतो. मध्येच वळून तो तिची वाट पाहू लागला, की मैत्री दिसते. माझ्या मते सगळ्यात जास्त फोटो या वळण्यावर खर्चावेत.

चित्र लुकलुकत असेल तर फोनचं ऑटो एक्स्पोजर (उजेड आपोआप कमीजास्त करणं) बंद करा. एलईडी दिव्याखालीही फरक पडत असेल तर शटर १/५० सेकंदावर ठेवा. खानदेशात मे महिन्यात पंखा बंद ठेवणं कठीण, आणि बटर पेपर वाऱ्याने उडतो. दर फोटोला वरून काच ठेवा, दिवा ४५ अंशांवर बाजूला घ्या. काचेत फोन दिसू लागला तर भिंगापुरतं भोक पाडलेला काळा कागद फोनला लावा.