बोगद्याला थंडीपेक्षा पाणी जास्त छळतं: गोठून फुगणाऱ्या जमिनीची पार्श्वभूमी

सीमाभागातल्या घरांची हिमालयाशी ओळख जुनी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कितीतरी गावांत लेह-कारगिलकडे नोकरी करून आलेला एखादा तरी जवान भेटतो. त्यामुळे रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला, सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला, झोजिलाचं खोदकाम पुढे सरकतंय, या बातम्या इथं आपुलकीनं वाचल्या जातात. त्यांत लांबी येते, उंची येते, खर्च येतो. वाहतूक सुरू झाल्यावर दर हिवाळ्यात बोगद्याच्या भिंतींवर आणि तळावर काय गुदरतं, ते फारसं येत नाही.

जमीन फुगते आणि बांधकाम फोडते, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. अथणी, रामदुर्ग, सौंदत्तीकडची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात पाणी पिऊन वर येते. पाया उथळ असेल तर दोन-चार पावसाळ्यांत भिंतीला तिरक्या चिरा पडतात. या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि थर एकमेकांपासून दूर सरतात. थंड प्रदेशातली जमीनही पाण्यामुळेच फुगते, पण तिची रीत वेगळी आहे आणि तिथला मोठा गुन्हेगारही वेगळा आहे. तिथं चिकणमातीपेक्षा पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक आणि चिकणमातीहून भरड असा गाळ, जास्त घातक ठरतो.

फार काळ लोकांचा समज साधा होता. पाणी गोठलं की त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, म्हणून मातीतलं पाणी गोठलं की माती वर येते. ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशोब जुळत नव्हता. मातीत पाणी असतं ते तिच्या एका हिश्शाएवढंच. त्याचे ९ टक्के धरले तर मीटरभर खोल गोठलेली जमीन काही सेंटिमीटरच उचलली जायला हवी. प्रत्यक्षात रस्ते त्याच्या कितीतरी पट वर आलेले दिसत. अमेरिकेतले भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९ आणि १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हा समज मोडला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन घालून ती गोठवली. बेंझीन गोठताना आकुंचन पावतं, तरीही माती फुगली. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. एका साध्या अदलाबदलीनं टेबर यांनी दाखवून दिलं की माती उचलणारी मुख्य गोष्ट ९ टक्क्यांची वाढ नव्हेच.

माती गोठू लागते तेव्हा गोठणारा भाग खालच्या न गोठलेल्या भागातून पाणी वर ओढतो. समईची वात तेल ओढते, तसं. ते पाणी थंड सीमेजवळ येऊन गोठतं आणि निव्वळ बर्फाचे पातळ पापुद्रे तयार होतात. खालून पाणी मिळत राहिलं तर पापुद्रा जाड होत जातो आणि वरचं सगळं उचलत राहतो. तापमान शून्याखाली जितकं जाईल तितका हा जोर वाढतो. सिद्धान्तानुसार दर एका अंशामागे तो जास्तीत जास्त दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ११ किलोपर्यंत जाऊ शकतो. भरड वाळूतली छिद्रं मोठी असल्यानं तिला ही ओढ नसते. चिकणमातीला ओढ असते, पण तिच्यातून पाणी फार सावकाश सरकतं. पोयट्यात ओढही आहे आणि वाटही.

त्याच सुमारास मातीचे अभ्यासक अभियंते आर्थर कॅसाग्रांडे यांनी रस्ते बांधणाऱ्यांच्या हाती एक व्यवहारी कसोटी दिली. लहानमोठ्या कणांच्या मिश्र मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांहून जास्त असतील, तर ती माती थंडीत फुगण्याचा धोका धरावा. स्वीडनमध्ये गुन्नार बेस्कोव यांनी १९३५ मध्ये रस्ते आणि रेल्वे डोळ्यांसमोर ठेवून या विषयाची सविस्तर मांडणी केली. या कामांतून तीन अटी पक्क्या झाल्या: थंडी, बारीक कणांची माती आणि खालून मिळणारं पाणी. तिन्हींपैकी एक काढून घेतली की फुगणं थांबतं. थंडी आणि डोंगर आपल्या हातात नसतात. उरतं पाणी.

हे ज्ञान रस्त्यांकडून बोगद्यांकडे यायला वेळ लागला. डोंगराच्या पोटात तापमान वर्षभर जवळपास सारखं असतं, तिथं थंडी पोचेल कशी, असं वाटणं साहजिक होतं. पण बोगदा खोदला की डोंगराला आरपार वारा मिळतो. हिवाळ्यात गार हवा तोंडातून आत शिरते, आधी काँक्रीटचं अस्तर गार करते आणि मग त्यामागचा खडक. तोंडापासून आत शेकडो मीटर ही थंडी जाते, आणि लहान बोगद्यात तर पूर्ण लांबीभर. खोदताना सुरुंगांनी अस्तरामागचा खडक आधीच खिळखिळा झालेला असतो. त्याच्या फटींत बारीक चुरा असतो, डोंगरातलं पाणी असतं. म्हणजे तिन्ही अटी एकाच जागी पुऱ्या होतात.

पुढचं नुकसान एका ठरावीक क्रमानं होतं. आधी पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आणि गटारं गोठतात. वाट बंद झाल्यावर पाणी अस्तरामागे साठतं. अस्तर आणि खडक यांच्यात कुठं पोकळी राहिली असेल, तर तिथं कोंडलेलं पाणी गोठून काँक्रीटला आत ढकलतं. इथं मात्र ती जुनी ९ टक्क्यांची वाढ खरोखर काम करते, कारण पाण्याला पसरायला जागाच नसते. कमानीला लांबट भेगा जातात, तळ वर येतो, रुळांची पातळी बिघडते. उन्हाळ्यात सगळं वितळतं, भेगांतून पाणी झिरपतं आणि पुढच्या थंडीत त्याच भेगा आणखी उघडतात. छताला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्या आणि रस्त्यावरचा बर्फाचा थर प्रवाशाला दिसतो. खरा बिघाड अस्तराच्या मागे चालू असतो.

जपानच्या होक्काइडो बेटावरच्या बोगद्यांनी हा त्रास दीर्घकाळ भोगला. तिथं १० फेब्रुवारी १९९६ रोजी तोयोहामा बोगद्याच्या तोंडाकडच्या भागावर कड्याचा प्रचंड खडक कोसळला, बस आणि मोटार त्याखाली सापडली आणि २० माणसं गेली. हा अस्तर फुगण्याचा प्रकार नव्हता. पण खडकाच्या भेगांतलं पाणी, त्याचा दाब आणि थंडीतलं गोठणं-वितळणं यांचा विचार बोगद्याच्या तोंडावरच्या कड्यापर्यंत करावा लागतो, हे या दुर्घटनेनं फार मोठी किंमत घेऊन दाखवलं.

नॉर्वेनं पाण्याला वाट देऊन तिच्यावर पांघरूण घालण्याची पद्धत वाढवली. पॉलिइथिलीन फोमचे पत्रे खडकापासून थोडे दूर बसवायचे, म्हणजे गळणारं पाणी न गोठता त्यांच्यामागून खाली जातं. हा फोम पेट घेतो, म्हणून त्यावर काँक्रीट फवारावं लागतं. चीनमध्ये प्रश्न उलट्या बाजूनंही आला. १ जुलै २००६ रोजी सुरू झालेल्या ल्हासाच्या रेल्वेमार्गावर, ४,९०५ मीटर उंचीवर फेंगहुओशान बोगदा आहे. तिथली जमीन वर्षभर गोठलेली असते आणि ती तशीच राहणं गरजेचं असतं. गाडीच्या आणि काँक्रीटच्या उष्णतेनं ती वितळली, तर पुन्हा गोठताना फुगते. म्हणून दोन अस्तरांच्या मध्ये उष्णता अडवणारा थर घातला आहे.

आपल्या देशात ही परीक्षा जम्मू-काश्मीरमधल्या बनिहालपासून सुरू होते. ज्या वर्षी आपला भाग म्हैसूर राज्यात घातला गेला, त्याच १९५६ च्या डिसेंबरात जवाहर बोगदा खुला झाला. पुढे २०१३ मध्ये पीर पंजालचा ११ किलोमीटरचा रेल्वे बोगदा आला. रोहतांगला तर खोदतानाच पाण्यानं इंगा दाखवला. सेरी नाल्याखालच्या ५८७ मीटरच्या ठिसूळ पट्ट्यात पाणी आणि गाळ आत येत राहिला आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे गोव्याला उतरणाऱ्या १८८० च्या दशकातल्या रेल्वेमार्गावरचे बोगदेही पावसाळ्यात पाझरतात. पण तिथं पाणी गोठत नाही, त्यामुळे गटार मोकळं ठेवलं की बरंचसं भागतं. हिमालयात तेच गटार गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यावं लागतं किंवा उबदार ठेवावं लागतं.

आता शिंकू ला या हिमाचल-लडाख सीमेवरच्या खिंडीत, सुमारे १५,८०० फुटांवर, ४.१ किलोमीटरचा बोगदा होतो आहे. पहिला सुरुंग जुलै २०२४ मध्ये उडवला गेला. एवढ्या उंचीवर कायम गोठलेली जमीन लागू शकते, हे धरूनच चालावं लागतं. निचऱ्याच्या नळ्या किती खोल, उष्णतारोधक थर तोंडापासून आत किती अंतरापर्यंत, अस्तरामागच्या पोकळ्या भरल्या की नाही, हे सगळं काँक्रीट ओतायच्या आधी ठरवावं लागतं. नंतर थर चढवायचा तर बोगद्याची आतली रुंदी घटते आणि कामासाठी वाहतूक बंद ठेवावी लागते. आणि थंडीत त्या बाजूला दुसरा रस्ता उघडा नसतो.