शेतकरी अपघात अनुदान: अर्ज अडतो कुठं आणि का

शेतात, रस्त्यावर, विहिरीवर अपघात होऊन शेतकरी गेला किंवा कायमचा अधू झाला तर शासनाकडून घरच्यांना पैसे मिळतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. मिळता मिळता ते का राहतात, हे मात्र अर्ज परत आल्यावरच कळतं. योजनेचं पूर्ण नाव गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. पूर्वी हा विमा होता. शासन हप्ता भरायचं, दावा कंपनीकडं जायचा आणि कंपनी एखाद्या कागदावर बोट ठेवून तो माघारी धाडायची. १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं कंपनी मधून काढली. आता मंजुरी तालुक्यातच होते आणि पैसे थेट खात्यावर येतात. लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘विम्याचा फॉर्म’च आहे, त्यामुळं काही जण आधी बँकेत जाऊन बसतात. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा निराळा. पासबुकात ती कपात दिसत असेल तर त्याचा दावा बँकेत जरूर करा. या अनुदानाचा अर्ज मात्र तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यायचा.

मृत्यू झाला तर २ लाख. दोन डोळे, दोन अवयव, किंवा एक डोळा आणि एक अवयव निकामी झाला तरी २ लाख. एकच डोळा किंवा एकच अवयव गेला तर १ लाख. दवाखान्याच्या बिलासाठी यात काही नाही. वय १० ते ७५. रस्त्यावरचा अपघात, बुडणं, विजेचा धक्का, अंगावर वीज पडणं, साप-विंचू, फवारणीच्या औषधाची विषबाधा, झाडावरून किंवा उंचावरून पडणं, जनावराचा हल्ला, खून, एवढंच काय बाळंतपणातला मृत्यूही यात बसतो. आत्महत्या बसत नाही, दारूच्या अंमलाखाली झालेला अपघात बसत नाही. बांधावर छातीत कळ येऊन माणूस गेला तर तोही अपघात धरत नाहीत, कितीही वाईट वाटलं तरी.

आता पात्रता. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार पात्र आहेच. त्याच्याशिवाय घरातली एक व्यक्ती, जिचं नाव सातबाऱ्यावर नाही, तीही पात्र आहे: खातेदाराची आई किंवा वडील, नवरा किंवा बायको, मुलगा, अविवाहित मुलगी. ही यादी नीट वाचा. तिच्यात सून नाही. नातू नाही. भाऊ नाही. आपल्याकडं सासऱ्याच्या नावावर जमीन आणि शेतात राबणारी सून, हे घरोघरचं चित्र आहे. वैरण आणताना तिला साप चावला तर जमीन सासऱ्याची, नवऱ्याचं नाव कुठंच नाही, म्हणजे कागदावर ती शेतकऱ्याच्या घरातली धरलीच जात नाही. नियम करणाऱ्यांनी खुरपणीच्या दिवसांत एकदा वाळवा नाहीतर कोरेगाव तालुक्यात फेरफटका मारला असता तरी ही यादी वेगळी झाली असती. तोवर आपल्या हातात एवढंच आहे की नावं वेळेत लावून घ्यायची. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. त्यासाठी नवऱ्यानं तलाठ्याकडं अर्ज द्यायचा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पाटी बदलली आहे. सासरा हयात असेल तर वाटप करून मुलांची नावं चढवता येतात. त्यावर घरात भांडण होईल म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात.

दुसरी गाठ आजोबांची. आजोबा वारले, वारस नोंद घातलीच नाही, सातबाऱ्यावर अजून तेच ‘खातेदार’. वडिलांनी जन्मभर ती जमीन कसली, पण कागदावर ते कुणीच नाहीत. अशा घरातला अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो. आज घरी जाऊन सातबारा काढा आणि वरची नावं वाचा. त्यातलं कोणी हयात नसेल तर ई-हक्क प्रणालीवरून वारस नोंदीचा अर्ज घरबसल्याही करता येतो.

यानंतरचा भाग अवघड आहे, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. अर्जाचा निकाल बहुतेक वेळा अपघाताच्या दिवशीच लागलेला असतो, कारण शवविच्छेदन आणि पंचनामा नंतर तयार करता येत नाही. रात्रीचं पाणी धरायला गेलेला माणूस विहिरीत पडतो, बाहेर काढतात, गेलेला असतो. नातेवाईक म्हणतात, आता कशाला चिरफाड, आणि संध्याकाळपर्यंत सगळं उरकतं. महिन्यानं अर्ज येतो, सोबत फक्त ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला. त्यावरून बुडून गेला हे सिद्ध होत नाही. म्हणून त्या घटकेला घरातलं नाही तर भावकीतलं, शेजारचं कुणीतरी शांत डोक्याचं माणूस पुढं झालं पाहिजे. पोलीस पाटलाला कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा, शवविच्छेदनाला नाही म्हणायचं नाही.

सर्पदंशाला एक सवलत आहे. उपचार मिळण्याआधीच मृत्यू झाला आणि म्हणून शवविच्छेदन झालं नाही, तर वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र चालतं. पण कोणीतरी डॉक्टरनं ते पाहिलेलं असायला हवं. मांत्रिकाकडं नेऊन परत आणलेल्या माणसाला असं प्रमाणपत्र कोण देणार? प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा. जीव वाचण्यासाठी आधी, कागद त्याच्यामागून येतो. झोपेत मण्यार चावली तर कधी कधी दाताची खूणही दिसत नाही, त्यामुळं ‘काही चावलं नसेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

विषबाधेत गुंता आणखी वाढतो. तासगावच्या द्राक्षबागेत असो की महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत, औषध मारताना त्रास झालेला माणूस दवाखान्यात येतो आणि घाबरलेला सोबती सांगतो, ‘औषध पोटात गेलंय.’ केसपेपरवर तसंच उतरतं, पोलिसांच्या कागदात तेच जातं आणि पुढं आत्महत्येचा संशय उभा राहतो. जे घडलं ते नेमकं सांगा: कधी फवारत होता, कुठलं औषध, अंगावर उडालं की श्वासातून गेलं. औषधाचा डबा लेबलासकट सोबत न्या, डॉक्टरांनाही त्यावरून उपचार ठरवता येतो. कपडे काढून अंग साबणानं धुवा, आपल्या मनानं मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवण्याची सवय तर आजच सोडा. अशा मृत्यूत व्हिसेऱ्याचा, म्हणजे शवविच्छेदनात काढून ठेवलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा, रासायनिक विश्लेषण अहवाल लागतो आणि तो यायला महिने जातात. त्याची वाट बघत अर्ज घरात ठेवू नका.

कारण मुदत ३० दिवसांची आहे. लोक काय धरतात? तेराव्यानंतर ३० दिवस, सगळे कागद जमल्यावर ३० दिवस, व्हिसेरा आल्यावर ३० दिवस. तसं नाही. अपघाताच्या दिवसापासून मोजा. आता यातली गंमत बघा. अर्जासोबत गाव नमुना ६-क, म्हणजे तलाठ्याकडच्या वारस नोंदवहीप्रमाणे मंजूर झालेली वारस नोंद मागतात. नोंद घातल्यावर नोटिशीचे १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. म्हणजे दुःखातल्या घरानं दहाव्याच्या आत तलाठी कार्यालय गाठलं तरच हे गणित जमतं. शासनानं एका हातानं मुदत दिली आणि दुसऱ्या हातानं तीच काढून घेतली. यावर माझा सल्ला एकच: जे कागद आहेत ते जोडून अर्ज ३० दिवसांच्या आत द्या, न मिळालेल्या कागदांपुढं ‘प्राप्त होताच सादर करतो’ असं लिहा, आणि शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. ‘सगळं घेऊन या, मग बघू’ असं तोंडी सांगून परत पाठवलं तर पुढं तारखेचा पुरावा तुमच्याकडं काहीच राहत नाही.

मृत्यू दाखला कुठून घ्यायचा, यातही चकवा आहे. नोंद मृत्यू जिथं झाला तिथं होते. जतचा माणूस मिरजेच्या शासकीय रुग्णालयात गेला तर दाखला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा. गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. पोलिसांचे कागदही आधी शहरातल्या ठाण्यात तयार होऊन मग गावच्या ठाण्याकडं वर्ग होतात. मधे ते रेंगाळतात, तेव्हा जावक क्रमांक विचारून घ्या.

बाकी कागद साधे: सातबारा, वयासाठी शाळेचा दाखला किंवा आधार किंवा मतदान कार्ड, प्रथम माहिती अहवाल किंवा स्थळ पंचनामा किंवा पोलीस पाटलाचा अहवाल, वारसाचं आधार जोडलेलं बँक खातं. त्यातल्या ‘किंवा’कडं लक्ष द्या. काही कार्यालयं तिन्ही मागतात. गाडी अपघातग्रस्त स्वतः चालवत असेल तर त्याचा वाहन परवाना लागतो आणि ट्रॅक्टरवाल्यांचे, दुचाकीवाल्यांचे कितीतरी अर्ज इथंच संपतात. मागं बसलेल्याला परवान्याची अट नाही.

नावाचं एक खास आपल्या सांगली-सातारा भागातलं दुखणं आहे. सातबाऱ्यावर ‘बाळासो’, आधारवर ‘बाळासाहेब’, शाळेच्या दाखल्यावर ‘बाळू’. गावाला तिघं एकच, संगणकाला तीन. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. वयाचंही तसंच. आधारवर अंदाजानं टाकलेली १ जानेवारी आणि शाळेतली जून, यात फरक असेल आणि माणूस पंचाहत्तरीच्या काठावर असेल तर अर्ज लोंबकळतो.

वीज पडून मृत्यू झाला असेल तर आधी तहसीलदारांकडं जा. तिथं नैसर्गिक आपत्तीची मदत ४ लाखांची आहे. बिबट्या किंवा गव्याच्या हल्ल्यात, म्हणजे शिराळा, पाटण, जावळी या पट्ट्यात, वन विभागाची भरपाई कितीतरी मोठी असते, तेव्हा वनरक्षकाला लगेच कळवा. त्याच अपघातासाठी दुसऱ्या विभागाचा लाभ घेतला की हे अनुदान मिळत नाही, म्हणून घाईत लहान रकमेवर सही करून मोकळे होऊ नका.

अर्ज गेला की महसूल, पोलीस आणि कृषी खात्याची माणसं चौकशीला येतात, ८ दिवसांत अहवाल तहसीलदारांकडं जातो, आणि त्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ३० दिवसांत निर्णय घेते. निदान कागदावर तरी. पैसे पहिल्यांदा पत्नीला किंवा पतीला, ती व्यक्ती नसेल तर अविवाहित मुलीला, मग आईला, मग मुलाला, मग वडिलांना. दिराच्या खात्यावर टाकून ‘नंतर वहिनीला देऊ’ ही तडजोड नियमात नाही, कुणी सुचवली तर ऐकू नका. अर्ज नाकारला तर कारणासह लेखी पत्र मागा. फोनवर ‘तुमचं बसत नाही’ एवढं ऐकून घरी बसलेल्यांना पुढं जिल्हा पातळीवर अपील करायला हातात काहीच नसतं.