पटर जड कसा होत गेला

लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातलं गोल्फचं मैदान प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९३०च्या दशकात करून घेतलं, ते युरोपीय पाहुण्यांसाठी. त्यांचे नातू समरजितसिंहांनी १९९०च्या दशकात त्याची नव्याने उभारणी केली आणि मग ते लोकांना खुलं झालं. म्हणजे बडोद्यातल्या सर्वसाधारण मराठी घरांत पटर, म्हणजे चेंडू खळग्याकडे घरंगळवायची गोल्फची काठी, आला तो फार तर एका पिढीपूर्वी, आणि आला तोच बऱ्यापैकी जड होऊन. ज्या हलक्या पटरांवर हा खेळ वाढला, ते आपल्यातल्या बहुतेकांनी हातातही धरलेले नाहीत. त्यामुळे ‘काका, जरा जड घ्या, हात स्थिर राहील’ हा सल्ला मिळतो तेव्हा तो कुठून आला हे कुणी विचारत नाही.

त्यात हे क्रिकेटवाल्यांचं गाव. जड बॅट म्हणजे चेंडू लांब, हे गणित मोतीबागेच्या क्रिकेट मैदानापासून डोक्यात बसलेलं. पटरच्या वजनामागचा हिशेब मात्र वेगळा आहे.

पटरमध्ये शिसं घालणं ही काही नवी कल्पना नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ह्यू फिल्प एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लाकडी, लांब नाकाचे पटर करायचा; त्यांच्या डोक्याला, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या खालच्या भागाला, मागून खोबण कोरून त्यात वितळलेलं शिसं ओतलेलं असे. १८४८च्या सुमारास गटापर्चाचा (झाडाच्या वाळलेल्या चिकाचा) टणक चेंडू आला आणि पुढे लोखंडी पटर रुळले. त्यांचं पातं पातळ, दांडा हिकरीच्या लाकडाचा. तेव्हाची ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतालची आखूड गवताची जागा, आजच्या मानाने खडबडीत. गवतात बसलेला चेंडू आधी जरासा उचलून मगच घरंगळवावा लागे, म्हणून पात्याला थोडा कल दिलेला असे आणि फटका मनगटाच्या टिचकीने मारत. बॉबी जोन्सने १९३० साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या तेव्हा त्याच्या हातातला ‘कॅलॅमिटी जेन’ असाच हिकरीच्या दांड्याचा, साध्या पात्याचा होता.

वेगळं काही करू पाहणाऱ्यांना वाट सोपी नव्हती. वॉल्टर ट्रॅव्हिसने १९०४ची ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा ‘स्केनेक्टडी’ नावाच्या पटरने जिंकली. डोकं ॲल्युमिनियमचं आणि दांडा टाचेऐवजी (खेळाडूकडच्या कडेऐवजी) जवळजवळ मधोमध बसवलेला. १९१०मध्ये सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांनी या घडणीवर बंदी घातली आणि ती उठायला १९५०चं दशक उजाडावं लागलं.

वजनाचा प्रश्न खरा पेटवला तो गवताने. १९३५च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँट मैदानाच्या ग्रीनवरून चेंडू घसरत बाहेर जाताना एडवर्ड स्टिम्पसनने पाहिला आणि ग्रीनचा वेग मोजायला एक पन्हाळीसारखी लाकडी पट्टी बनवली. पट्टी ठरावीक कोनापर्यंत उचलायची, चेंडू सुटतो, तो किती फूट जातो ते मोजायचं. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७०च्या दशकात तिची ॲल्युमिनियमची आवृत्ती घेऊन देशभर मोजणी केली, तेव्हा सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास आली. आज मोठ्या स्पर्धांच्या ग्रीन बारा फुटांच्या घरात असतात. इतक्या निसरड्या ग्रीनवर टिचकी घातक. तिथे फटका खांद्यांतून, सावकाश आणि मनगट न हलवता मारावा लागतो, आणि डोकं जड असलं की मनगटाची चुळबुळ कमी होते.

याच काळात कार्स्टन सोल्हाइम या जनरल इलेक्ट्रिकमधल्या अभियंत्याने वेगळा मुद्दा पकडला. १९५९मध्ये त्याने पहिला ‘पिंग’ पटर केला आणि १९६६मध्ये ‘अँसर’. डोक्याचं वजन त्याने मधून काढून टाच आणि टोक यांच्याकडे सरकवलं, म्हणजे चेंडू मध्यापासून जरा बाजूला लागला तरी डोकं कमी वळतं. मला वाटतं, जड पटरच्या नावावर खपणारं बरंचसं श्रेय खरं तर या वाटणीचं आहे. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याने जास्त फरक पडला.

२००५च्या सुमारास स्टीफन बोशिएरीचा ‘हेवी पटर’ आला. नेहमीचा पटर दांड्यासकट पाचशे-साडेपाचशे ग्रॅमचा, हा नऊशेच्या आसपास. आणि त्यातलं बरंच वजन मुठीत. पुढे कीगन ब्रॅडलीने २०११ची पीजीए चॅम्पियनशिप पोटाला टेकवलेल्या लांब पटरने जिंकली. पाठोपाठ वेब सिम्पसन, एर्नी एल्स आणि ॲडम स्कॉट यांनीही पटर अंगाला टेकवूनच मोठ्या स्पर्धा मारल्या आणि १ जानेवारी २०१६पासून तसं टेकवणं बंद झालं. पोटाचा आधार गेलेल्यांसाठी कंपन्यांनी मुठीत वजन आणि चारशे ग्रॅमचं डोकं असलेले पटर आधीच बाजारात आणून ठेवले होते.

आता ‘जड डोक्याने चेंडू पुढे जातो’ या समजुतीचं गणित. चेंडू सुमारे ४६ ग्रॅमचा. डोकं ३३० ग्रॅमऐवजी ४०० ग्रॅमचं घेतलं आणि हात त्याच वेगाने फिरवला, तर चेंडूचा वेग जेमतेम दोन टक्के वाढतो. दहा फुटांच्या पटमध्ये (पटरच्या फटक्यात) तो फरक पाचएक इंचांचा. बाकी जो फरक जाणवतो तो हातात असतो.

म्हणून ज्याचे तीन-चार फुटांचे पट हात थरथरून चुकतात त्याने जड पटर जरूर आजमावावा. लांब पटचा अंदाज मात्र काही दिवस बिघडेल. त्यातून आपल्याकडे ग्रीनवर बहुधा बर्म्युडा जातीचं गवत. पावसाळ्यात ते दाट आणि ओलं होतं, चेंडू अडखळत जातो. अमेरिकेतल्या बारा फुटी ग्रीनसाठी घडवलेला पटर इथे तसाच चालेल असं मी धरून चालणार नाही. नवा घेण्याआधी जुन्याच पटरच्या डोक्यामागे दहा-वीस ग्रॅमची शिशाची पट्टी चिकटवून सराव करता येतो. कितीही जड करा, वजनाला नियमांत वरची मर्यादा नाही. फक्त फेरी सुरू झाल्यावर मुद्दाम पट्टी काढायची किंवा लावायची नाही. तशा बदललेल्या पटरने एक जरी फटका मारला, तरी स्पर्धेतून बाद.