कारागिराच्या घरी जाण्यापूर्वी : आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

वेंगुर्ल्यात आमच्याकडे मुक्कामास येणाऱ्या पाहुण्यांना, त्यांची इच्छा असल्यास, सावंतवाडीजवळील एका कारागिराच्या घरी नेण्याची व्यवस्था आम्ही करतो. लाकूडकाम, लाखकाम, गंजिफांचे (खेळण्याच्या गोल पत्त्यांचे) रंगकाम, गणेशमूर्ती आणि दशावतारी नाटकातील पखवाजाची साथ ही सर्व कामे तेथे एकच व्यक्ती करते. त्यामुळे आपल्याला काय पाहावयास मिळेल, हे आपण कोणत्या दिवसांत येता यावर अवलंबून असते.

आषाढापासून गणेश चतुर्थीपर्यंत त्यांची पडवी म्हणजे गणपतीची शाळा असते. ठरलेल्या घरांचे पाट आधीच येऊन भिंतीशी रचलेले असतात व त्या त्या घरची मूर्ती त्याच पाटावर बसते. म्हणून या मूर्ती पाहुण्यांना विकत मिळत नाहीत. या काळात लाकडाचा भुसा ओल्या रंगावर बसू नये यासाठी लेथ (लाकूड फिरवून कातण्याचे यंत्र) बंद ठेवतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असेल, तर त्यांच्याशी बोलू नये.

तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतात. रात्रभर नाटकाला साथ करून ते पहाटे घरी परततात, त्यामुळे त्या हंगामात आम्ही दुपारी 3 नंतरचीच वेळ देतो. पखवाज वाजवून दाखवा, असा आग्रह कृपया धरू नये. मनात आले तर ते स्वतःच वाद्याच्या डाव्या तोंडाला लावण्यासाठी घरात कणकेचा गोळा मागतात.

लाखकाम पाहावयाचे असल्यास चतुर्थीनंतरचे कोरडे दिवस निवडावेत, असे आम्ही सुचवतो. कातलेले लाकूड लेथवर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवली जाते, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि मग केवड्याचे पान दाबून धरले की ती सर्वत्र सारखी पसरून चकाकू लागते. या कामात कुंचला लागत नाही. लहान मुलांना मात्र फिरत्या लेथपासून दूर ठेवावे व सैल ओढणी किंवा उपरणे आवरून घ्यावे.

गंजिफांच्या किमतीविषयी वारंवार विचारणा होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दशावतारी संचात 10 अवतारांची प्रत्येकी 12 अशी 120 गोल पाने असतात. प्रत्येक अवताराचे राजा व प्रधान वगळता उरलेल्या पानांवर एकपासून दहापर्यंत चिन्हे काढावी लागतात. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवे, परशुरामाचे परशू, याप्रमाणे. म्हणजे एका अवताराची 55 आणि संपूर्ण संचाची 550 चिन्हे हाताने रंगवावयाची, शिवाय 20 चित्रपाने वेगळी. बाजारात छापील संच पुष्कळ स्वस्त मिळतात व केवळ खेळण्यासाठी ते पुरेसेही आहेत. हाताने रंगवलेल्या पानावरील दोन मासे शेजारीशेजारी नीट पाहिले, तर शेपटीचे वळण किंचित तरी निराळे दिसते. ज्यांना हा फरक महत्त्वाचा वाटत नाही, त्यांनी छापील संच घ्यावा. घासाघीस करून हाताचे काम मागू नये.

भेटीस साधारण दोन तास लागतात आणि एका वेळी 6 जणांनाच नेता येते. राहते घर असल्याने पादत्राणे अंगणात काढावीत व माणसांची छायाचित्रे विचारून घ्यावीत. कोकम सरबत घरच्यांकडून मिळते, त्याचे पैसे देऊ केल्यास त्यांना अवघड वाटते. खरेदीची रक्कम थेट कारागिराच्या हाती द्यावी. त्यावर आम्ही काही घेत नाही. रेल्वेने परस्पर येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की सावंतवाडी रोड स्थानक शहरात नसून मळगाव येथे आहे. गाडीची वेळ आगाऊ कळवल्यास रिक्षा पाठवता येईल.

घेतलेली लाखेची वस्तू गरम पाण्याने धुऊ नये आणि परतीच्या प्रवासात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ठेवू नये, कारण लाख मऊ होऊन कागदाला चिकटते. तसे झाल्यास कागद ओढून न काढता वस्तू आमच्याकडे पाठवावी. ती पुन्हा लेथवर चढवून दुरुस्त करून मिळते.