मामा तलावांतील मासोळीचे पुनर्भरण

पूर्व विदर्भातील जुन्या गावतलावांत घटलेली किंवा नाहीशी झालेली माशांची वस्ती पुन्हा उभी करण्याचे काम. तलावाचा तळ आणि पाणवनस्पती दुरुस्त करणे, स्थानिक जातींचे जनक मासे, म्हणजे वीण करणारे वाढलेले नर-मादी, सोडणे, विकतचे मत्स्यबीज बेताने टाकणे आणि विणीच्या दिवसांत जाळे आवरणे ही सगळी कामे त्यात येतात. सरकारी भाषेत पुनर्भरण म्हणजे बहुतेक वेळा फक्त बीज सोडणे. पण जुन्या तलावात बीज सोडणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग असून तो सर्वांत शेवटी करायचा असतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांपैकी बरेच गोंड राजांच्या काळात बांधले गेले. जो तलाव बांधील त्याला ओलिताखालची जमीन, असे उत्तेजन राजाकडून मिळे. बांधकामात कोहळी समाजाचे नाव सर्वांत पुढे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, अशी परंपरा आहे. पुढे इंग्रजी अमलात तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या जमीनदारांच्या, नावे आले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता; त्या राज्याच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘मामा तलाव’ हे नाव रूढ झाले. शंभर हेक्टरांपर्यंत ओलीत करणारे तलाव आज जिल्हा परिषदेकडे आहेत. धानाला पाणी शेतकरी घेतात, तर मासोळी आणि शिंगाडा ढिवर समाज काढतो. एकाच पाण्यावर असे दोन संसार चालतात. पुनर्भरणाचा कोणताही बेत या दोघांना वगळून तडीस जात नाही.

माशांच्या दृष्टीने या तलावाची रचना समजून घ्यायला हवी. एका बाजूला मातीची पाळ, पाळीत पाणी सोडायचा तुडुम, जास्तीचे पाणी वाहून जायला सलंग आणि समोर जंगलाकडे हळूहळू चढत जाणारा उथळ काठ. पाळीजवळ पाणी खोल. तिथे मासे उन्हाळा काढतात. पलीकडच्या काठावर गुडघाभर पाण्यात गवत, कमळ, देवधान आणि पाण्याखालची हायड्रिलासारखी झुडपे. तिथे अंडी घातली जातात आणि पिल्ले वाढतात. पहिल्या दमदार पावसात सलंगावरून पाणी सुटले की खालच्या नाल्यांतली आणि धानाच्या बांध्यांतली (बांध घातलेल्या शेतांतली) मासोळी प्रवाहाच्या उलट चढते. पावसाळा सरताना पिल्ले उतरत्या पाण्याबरोबर पुन्हा खोल जागी येतात. नदी, नाला, बांधी आणि तलाव हे तिच्यासाठी एकच घर होते. त्यातली एकेक वाट बंद होत गेली आणि मासोळी कमी होत गेली.

वाटा अनेक कारणांनी बंद झाल्या. नद्यांवर धरणे झाली. बांध्यांत रासायनिक खते आणि कीटकनाशके आली, त्यामुळे जिथे पिल्ले वाढायची ते पाणीच विषारी झाले. तलावाच्या पोटात अतिक्रमणाची शेती सरकली. उथळ काठ बेशरमाने व्यापला. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती नावाला जागते. तोडली तर फुटते, वाळली तरी पाणी मिळताच उठते, आणि जिथे ती दाट होते तिथे देशी गवत तग धरत नाही. भर म्हणून मच्छरदाणीच्या कापडाएवढ्या बारीक आसाची जाळी आली. त्यांतून बोटभर पिल्लूही सुटत नाही.

याच काळात सरकारी मत्स्यव्यवसायाने दुसरी वाट धरली. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी के. एच. अलीकुन्ही यांच्यासह पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. शोध मोठाच होता. कटला, रोहू आणि मृगळ हे कार्प मासे साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. तोवर त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे, ते आता हौदात तयार होऊ लागले. मात्र त्याबरोबर एक अवलंबित्वही आले. तलावात हे मासे वाढतात, पण त्यांची पुढची पिढी तिथे जन्मत नाही. दरवर्षी बीज विकत घ्यायचे, दरवर्षी टाकायचे आणि सगळे काढून विकायचे. कार्प हे एक पीक आहे. त्याला तलावातील माशांची वस्ती म्हणता येत नाही.

या पिकासाठी मत्स्यशेतीच्या पुस्तकांत दिलेली पूर्वतयारी तर जुन्या तलावाच्या मुळावरच येते. बीज सोडण्यापूर्वी तळ्यातील ‘भक्षक व निरुपयोगी’ मासे मारून टाका, असा तिचा पहिला नियम. त्यासाठी मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी 2,500 किलो मोहाची पेंड सांगितली जाते. पेंडीतल्या सॅपोनिनने माशांच्या कल्ल्यांवर आणि रक्तपेशींवर परिणाम होऊन ते मरतात, दोन-तीन आठवड्यांत विष ओसरते आणि पेंडीचे खत होते. खोदलेल्या शेततळ्यात हा उपाय योग्य आहे. पण मामा तलावात या यादीतील ‘निरुपयोगी’ मासे म्हणजे मरळ, डाडक, वाघूर, शिंगूर आणि शिवडा. ढिवरांच्या घरात कालवणाला हेच मासे शिजतात आणि बाजारात मरळीला कटल्याहून जास्त भाव मिळतो. ‘निरुपयोगी’ हा शब्द इथे सरळसरळ चुकीचा आहे.

उलट दिशेने विचार करणारे काम गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थांसोबत तलावांचा अभ्यास सुरू केला. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, कोण कुठे अंडी घालतो, कोणती झुडपे आधी दिसत आणि आता दिसत नाहीत, हे म्हाताऱ्या मासेमारांना ठाऊक होते. त्या माहितीची नोंद झाली आणि तिच्यावरच पुढचे काम उभे राहिले. उन्हाळ्यात पाणी उतरले की बेशरम मुळासकट खणून काढायचा, कोरड्या पडलेल्या काठाचा काही भाग नांगरायचा आणि पाऊस लागताच चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती तिथे लावायच्या, अशी ही पद्धत आहे. पाण्याखाली वाढणाऱ्या, तरंगत्या पानांच्या आणि काठच्या गवतासारख्या, अशा तिन्ही प्रकारच्या वनस्पती हव्यात. पाण्याखालच्या झुडपांत कीटक, गोगलगायी आणि पिल्लांचे खाद्य तयार होते. तरंगती पाने सावली देतात. काठच्या गवतात अंडी चिकटतात. या कामात निमगावसारख्या गावांतील ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

वनस्पती रुजल्या की मासोळीला फार आग्रह करावा लागत नाही. जिथे सलंगाखालचा नाला अजून जिवंत आहे तिथे पहिल्या पुरात बऱ्याच जाती आपणहून चढतात. जिथे वाट तुटली आहे तिथे शेजारच्या तलावातून जनक मासे आणून सोडावे लागतात. आटत्या डबक्यांत अडकलेले मासे उन्हाळ्याच्या शेवटी सहज मिळतात. मरळ, वाघूर आणि शिंगूर हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे ओल्या फडक्यात किंवा थोड्या पाण्याच्या मडक्यातही ते प्रवास सोसतात. शिंगूर मात्र जपून हाताळावा लागतो, त्याच्या काट्याचा डंख विषारी असतो. वाघूर आणताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. वाघुरासारखे दिसणारे, मांगूर या नावाखाली विकले जाणारे आफ्रिकी जातीचे मासे त्यात मिसळलेले नसावेत. ‘थाई मांगूर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या जातीच्या संवर्धनावर भारतात 2000 सालापासून बंदी आहे. ती एकदा तलावात शिरली की बाकीच्यांना खाऊन उरते.

मरळीचे वर्तन पाहिले तर नियम का लागतात ते कळते. नर-मादी गवत बाजूला सारून पाण्यात छोटीशी मोकळी जागा करतात. तिथे अंडी तरंगतात. पिल्ले बाहेर आल्यावर लालसर ठिपक्यांच्या ढगासारखी एकत्र फिरतात आणि आईबाप खालून पहारा देतात. श्वासासाठी पिल्ले वर येतात तेव्हा तो ढग काठावरूनही दिसतो, आणि अनुभवी माणसाला त्याखाली मोठी मरळ आहे हे लगेच कळते. त्या वेळी गळ टाकणे सर्वांत सोपे. पण आईबाप गेले की उरलेली पिल्ले शिवड्याच्या, डाडकाच्या आणि बगळ्याच्या तोंडी जातात. एका संध्याकाळच्या कालवणासाठी शेकडो पिल्ले जातात. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी काही आठवडे मासेमारी बंद, सलंगावर आणि तुडुमाच्या तोंडाशी सापळे लावायचे नाहीत, बारीक आसाचे जाळे वापरायचे नाही, असे निर्बंध मच्छीमार संस्थेने स्वतःच घालून घेतले तर एका पावसाळ्यातच फरक दिसू लागतो. बाहेरून लादलेल्या नियमाला रात्री पळवाट सापडते.

कार्पचे बीज टाकूच नये, असा याचा अर्थ नाही. संस्थेला तलावाच्या ठेक्याची रक्कम भरायची असते, आणि ती बहुतांशी रोहू-कटल्याच्या विक्रीतून निघते. फक्त काय टाकायचे आणि केव्हा, याचा विवेक हवा. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, स्वस्त मिळतात, पण भक्षक मासे असलेल्या तलावात त्यांतले फारच थोडे जगतात. अर्धबोटुकलीही लहानच पडते. बोटाएवढी वाढलेली, आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली महाग वाटली तरी तीच हिशेबात बसते. कटला पृष्ठभागी, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी खातो, त्यामुळे तिघे एकत्र नांदतात. गवत्या मासा (ग्रास कार्प) मात्र जुन्या तलावात टाकू नये. घाम गाळून लावलेली हायड्रिला तो काही महिन्यांत फस्त करतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरून पाणी गढूळ करतो, त्यामुळे झुडपांना ऊन मिळत नाही. शिवाय तो साचलेल्या पाण्यातही वितो, म्हणून एकदा सोडला की परत काढता येत नाही. बोटुकली आणल्यावर पिशव्या पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळू द्यावे, मग तोंड उघडून तलावाचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे आणि पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्यावे. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी करतात, भर उन्हात नाही.

गाळ काढण्याबाबतही हाच विवेक लागतो. साचलेल्या गाळामुळे पाणी लवकर आटते हे खरे आहे आणि गाळ शेतात नेणे ही जुनी, चांगली रीत आहे. पण यंत्राने सरसकट खोदून तलावाचा खड्डा केला तर उथळ काठ जातो, आणि त्याच्याबरोबर विणीची जागाही. पाळीजवळ खोली वाढवावी, समोरचा उतार तसाच ठेवावा. तुडुमातून शेवटच्या थेंबापर्यंत पाणी सोडले तर जनक मासे उन्हाळा काढू शकत नाहीत. धानाचे शेवटचे पाणी आणि मासोळीचा डोह यांचा निवाडा शेतकरी आणि ढिवर यांना दरवर्षी एकत्र बसूनच करावा लागतो.

हक्काचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. ठेका थोड्या वर्षांचा असेल तर पाच वर्षांनी फळ देणाऱ्या काठासाठी कोणी घाम गाळत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने जलस्रोतांतील मासे आणि इतर उत्पादनांवरील वापराचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. पूर्व विदर्भातील अनेक तलाव जंगलात किंवा जंगलाच्या कडेला आहेत, तिथे ग्रामसभांना तो मागता येतो. सुधारलेल्या काठाचा लाभ मासोळीपुरताही राहत नाही. महाराष्ट्रात सारस क्रौंच आज जवळजवळ फक्त गोंदिया आणि त्याच्या आसपासच्या भागात उरला आहे. धानाच्या बांध्या आणि अशा तलावांचे उथळ, गवताळ काठ हीच त्याची चरण्याची आणि घरट्याची जागा आहे.